छत्तिसाव्या मिनिटाला

रात्री साडेदहाला मी टीव्ही लावते
आणि चप्पल न काढता
परक्यांच्या घरात शिरते.

तिथे चौदा माणसं कोंडलेली असतात.
कुणाचं उकडलेलं अंडं कुणी खाल्लं
ह्यावर तीन भाग झाले. तिन्ही मी बघितले.
माझं मत लाल केसांच्या मुलीला,
कारण भांडी घासताना, कुणी बघत नाहीये असं समजून,
ती एकोणतिसाचा पाढा म्हणायची.
साठ कॅमेरे होते, पण तिचं तसं समजून.
चौथ्या आठवड्यात तिला काढलं.
त्या रात्री मी भात तसाच झाकून ठेवला.

गाण्याच्या स्पर्धेत दुसऱ्या रांगेत, अबोली साडीत,
आमच्या खालच्या मजल्यावरची कुंदा नाचणकर रडते.
सातशे रुपये, जेवण, रिक्षाचे वेगळे.
रडणं सकाळी नऊलाच घेऊन ठेवतात, ती सांगते,
गाणारी पोरं तेव्हा मेकअपला बसलेली.
मग तुला रडू येतं कसं?
'बसलं की येतं गं. एरवी सवड कुठे असते?'
पुढचं मी विचारलं नाही.
आता ती पडद्यावर आली की आवाज बंद करते
आणि नुसती तिच्याकडे बघते.

शलाका म्हणाली, मावशी, जरा चांगलं बघत जा,
आणि माहितीपट लावून दिले.
जपानातला एक म्हातारा सुऱ्या घडवतो, साठ वर्षं.
त्याची बायको दोनदा दिसली, दोन्ही वेळा चहाचा ट्रे घेऊन.
सुरीचं नाव खाली आलं, तिचं नाही.
मग बर्फाखालची शार्क मादी.
शंभरी उलटली तरी तिला पिल्लू नसतं,
आणि निवेदक हे सांगताना
'अरेरे' म्हणत नाही.
तो भाग मी तीनदा लावला.

आणि परवा, आमच्याच भागावरचा.
माहुलची धुराडी, वरून, संध्याकाळच्या उन्हात,
इतकी देखणी की मला लाज वाटली.
निवेदक खोल आवाजात म्हणाला,
इथली माणसं फक्त दिवस ढकलतात.
ढकलतात!
अरे, त्या आठवड्यात मी चार किलो कैऱ्यांचं लोणचं घातलं होतं.
खोकत घातलं, ते खरं.

छत्तिसाव्या मिनिटाला आमची इमारत.
सहावा मजला, डावीकडून तिसरी खिडकी.
माझा परकर. तुटक्या नाडीचा, खाकी पडलेला,
जगाला दाखवला,
मला एका शब्दाने न विचारता.
मी उठून उभी राहिले, रिमोट हातात घेऊन,
कुणाला तरी फोन करून झापायचं म्हणून.

तेव्हा दिसला. परकराच्या मागे, हात.
कोपरापासून खाली, घड्याळाचा पट्टा सैल.
दोरीवर चिमटा लावतोय.

ह्यांनी आयुष्यात इकडची काडी तिकडे केली नाही,
हे मी सासरी सांगितलं, माहेरी सांगितलं,
तेराव्याला जेवायला आलेल्यांना
वाढता वाढता सांगितलं.
सगळे हसले होते. मीही.

मी कुठे होते तेव्हा? आत, कैऱ्या चिरत?
का बँकेत, का त्या रिपोर्टांच्या रांगेत?
किती वेळा लावले असतील?
ड्रोन एकदाच आला.

कुंदाला वर बोलावलं. थांबवून दाखवलं.
चष्मा पुसून ती पडद्याला नाक लावून बसली.
हात कुणाचाही असेल गं, म्हणाली.
मग जरा वेळाने:
'नाही, पुरुषाचाच. परकर उलटा घातलाय,
आणि एका जागी तीन-तीन चिमटे.'

ती रडली नाही. मीही नाही.
मी दहा सेकंद मागे नेलं.